तळ्यापर्यंत नेणारे हात
आदिवासी वाड्या आणि सरकारच्या ई-सेवांचे नियोजन : एक अभ्यासपाठ



आपल्या त्रैमासिकातून आश्रमशाळा, आरोग्य शिबिरे, शिवणवर्ग यांविषयी आपण नेहमी वाचता. या अंकातला पाठ कागदांविषयी आहे. जातीचा दाखला, सातबारा, रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक हे ते कागद. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातल्या वाड्यांवर काम करताना माझ्या पिशवीत औषधांपेक्षा झेरॉक्स जास्त असतात. पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांतून पाहुणे येतात तेव्हा ते विचारतात, "आता तर सगळे ऑनलाइन झाले. मग तुमचे कार्यकर्ते लोकांचे कागद घेऊन राजूर, अकोले, संगमनेर असे का फिरतात?" प्रश्न रास्त आहे. देणगीदाराला तो विचारण्याचा हक्कही आहे. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा पाठ लिहिला आहे. उपासनेनंतरच्या अभ्यासवर्गात, महिला संघात किंवा तरुण संघात तो वापरावा.

दोन उतारे, एकच प्रश्न

पाठाआधी योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आणि मार्काचा दुसरा अध्याय वाचावा.

योहानात बेथेस्दाचे तळे आहे. तिथे अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य पडून आहे. तळे आहे, पाणी आहे, पाच पडव्यांची इमारतसुद्धा आहे. सोय कोणी बंद ठेवलेली नाही. तरी प्रभूने विचारल्यावर तो सांगतो त्याचा मथितार्थ असा, की वेळेवर पाण्यापर्यंत पोचवायला त्याला माणूस नाही, आणि तो स्वतः सरपटत जाईपर्यंत दुसरा कोणी पुढे गेलेला असतो.

मार्कात कफर्णहूमचे घर आहे. पक्षघाती मनुष्याला चौघे बाजेवर घालून आणतात. दारात गर्दी आहे, वाट मिळत नाही. ते परत फिरत नाहीत. छप्पर उघडतात आणि त्याला खाली सोडतात.

पहिल्या उताऱ्यात सोय आहे आणि नेणारा नाही. दुसऱ्यात नेणारे आहेत, म्हणून बंद वाटही मोकळी झाली. ई-सेवांच्या नियोजनाचा प्रश्न मला नेमका या दोन उताऱ्यांच्या मधे दिसतो. संगणक, तारा आणि संकेतस्थळे यांची मोजणी आराखड्यात असते. नेणाऱ्या माणसाची मोजणी बहुधा नसते.

सरकारने काय ठरवले होते

आधी जे चांगले झाले ते मान्य केले पाहिजे. केंद्र सरकारने मे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर केली. सामान्य माणसाला सरकारी सेवा त्याच्या परिसरातच, परवडणाऱ्या खर्चात, पारदर्शक आणि भरवशाच्या रीतीने मिळाव्यात, हे तिचे उद्दिष्ट होते. 'त्याच्या परिसरातच' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण आपला सगळा पाठ त्यांच्यावर आहे.

२०१५ मध्ये महाराष्ट्राने लोकसेवा हक्क अधिनियम केला. त्यामुळे दाखला मागणे ही विनंती राहिली नाही, तो हक्क झाला. अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरली, ती देणारा अधिकारी ठरला, आणि मुदतीत सेवा मिळाली नाही तर वर अपील करण्याची सोय झाली. सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. अर्ज 'आपले सरकार' या संकेतस्थळावरून किंवा गावोगावच्या आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. आपल्याकडे वयस्कर माणसे या केंद्राला अजून 'सेतू'च म्हणतात.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की उतारा हाती येतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. ज्यांनी एका उताऱ्यासाठी चार-चार हेलपाटे घातले, त्यांना ही केवढी मोठी गोष्ट आहे ते विचारा. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी आपल्या पिकाची नोंद आपल्याच मोबाइलवरून करू लागला. शिष्यवृत्ती आणि पेन्शन थेट खात्यात येते, त्यामुळे मधल्या हातांतली गळती कमी झाली.

म्हणून आपला पाठ यंत्राच्या विरोधात नाही. यंत्र यावेच. मात्र त्याची आखणी कुठून सुरू करायची, हा आपला प्रश्न आहे.

आपल्याच जिल्ह्याचा धडा : लखिना पॅटर्न

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या जिल्ह्यात, संगणक टेबलावर येण्यापूर्वीच, मिळाले होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कामाची घडी नव्याने बसवली. साठलेले जुने दप्तर उपसले, ठेवायचे आणि नष्ट करायचे कागद वेगळे केले, गठ्ठे लावले. कोणत्या टेबलावर कोणते काम आहे आणि ते कसे करायचे, हे कर्मचाऱ्यांसाठी स्पष्ट केले. आलेल्या माणसाला दारोदार न फिरता आपले काम कुठे होईल ते कळावे, अशी मांडणी केली. पुढे ही पद्धत 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर ओळखली गेली आणि इतर कार्यालयांतही नेली गेली.

यातून घ्यायचा धडा असा, की आधी काम नीट लावावे, मग त्याला यंत्र जोडावे. विस्कळीत दप्तर संगणकात घातले तर संगणकातही ते विस्कळीतच राहते. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव चुकलेले असेल, तर डिजिटल सहीने ते बरोबर होत नाही. उलट चूक अधिक पक्की दिसते, कारण आता ती छापील असते.

वारणेचा धडा

दुसरे उदाहरण कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यातले आहे. १९९८ मध्ये तिथे वारणा साखर कारखान्याच्या क्षेत्रातल्या सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. ग्रामीण भागात माहिती तंत्रज्ञान नेण्याच्या देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या प्रयत्नांपैकी तो एक होता. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती असे पुष्कळ काही त्या संगणकांवरून मिळेल अशी कल्पना होती.

काही वर्षांनी अभ्यासकांनी तिथे जाऊन पाहिले. संगणक मुख्यतः एकाच कामाला वापरले जात होते: कारखान्याला घातलेल्या उसाचे वजन, खताची उचल आणि बिलाची रक्कम कळवायला. मग काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर संदेश पाठवून तीच माहिती देऊन पाहिली. काम भागले, आणि खर्चही कमी आला.

याला मी अपयश म्हणत नाही. शेतकऱ्याला काय हवे होते ते वापरातून दिसले. आपला ऊस किती भरला आणि पैसे किती आले, हे त्याला हवे होते. आखणी करणाऱ्यांनी सुरुवात त्या प्रश्नापासून केली असती, तर साध्या फोनचा मार्ग आधीच सापडला असता. आपल्या वाडीवरही हेच विचारायचे आहे: इथल्या माणसाला वर्षातून कोणते पाच कागद लागतात आणि ते कधी लागतात?

वाडीवर साखळी कुठे तुटते

आता आपल्या भागात येऊ. अहिल्यानगर जिल्हा (पूर्वीचा अहमदनगर, नाव २०२४ मध्ये बदलले) क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. त्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीत अकोले तालुका आहे. कळसूबाई शिखर, भंडारदऱ्याचे धरण, रतनगड, घाटघर ही नावे आपल्याला सहलीमुळे माहीत असतात. याच डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय राजूरला आहे, तहसील अकोल्याला, प्रांत कार्यालय संगमनेरला आणि जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटरवर. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात दिवसचे दिवस झड लागते. वीज जाते, आणि तिच्याबरोबर मोबाइलचे नेटवर्कही जाते.

अशा ठिकाणी साखळी मुख्यतः चार जागी तुटते.

पहिली जागा नावाची. शाळेत 'चिमाबाई', आधारवर 'चिमा', रेशनकार्डावर सासरचे आडनाव, बँकेत माहेरचे. माणसाला माणूस ओळखतो, संगणक अक्षरे जुळवतो. एक काना कमी पडला तरी अर्ज अडकतो. जन्मतारीख तर पुष्कळांची १ जानेवारी आहे, कारण नोंदवणाऱ्याने ती तशीच लिहिली.

दुसरी जागा बोटांची. आवणीच्या दिवसांत भातखाचरात उभे राहून राहून बायांच्या बोटांची कातडी सोलवटते. रेशन दुकानातल्या यंत्राला तो ठसा पटत नाही. एका म्हाताऱ्या बाईला मी तीन वेळा अंगठा पुसून लावताना पाहिले आहे. शेवटी ती यंत्राला हात जोडून बाजूला झाली. अंत्योदय कार्डाचे पस्तीस किलो धान्य म्हणजे तिच्या घरचा महिना. ठसा जुळला नाही किंवा आधार जोडलेले नाही एवढ्या कारणाने पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. डोळ्याची ओळख, ओटीपी असे पर्यायही आहेत. पण ती सूचना ठाऊक असलेला आणि दुकानदाराशी नम्रपणे बोलू शकणारा माणूस त्या वेळी तिच्या शेजारी हवा.

तिसरी जागा फोनची. ओटीपी ज्या क्रमांकावर येतो तो फोन मुलाकडे, आणि मुलगा नारायणगावला नाहीतर नाशिककडे मजुरीला. क्रमांक बदललेला असतो, किंवा आधार काढताना कोणा भलत्याचाच दिलेला असतो.

चौथी जागा जुन्या पुराव्याची, आणि ती सर्वांत अवघड. अनुसूचित जमातीचा दाखला प्रांताधिकारी देतात. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जमातीचा पुरावा लागतो. पुढे व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश घ्यायचा तर तपासणी समितीकडून त्या दाखल्याची वैधता करून घ्यावी लागते. ज्या घरात आजपर्यंत कोणी शाळेत गेले नाही, त्यांनी १९५० पूर्वीचा पुरावा कुठून आणायचा?

आमच्याकडच्या एका ठाकर मुलीचे उदाहरण सांगतो. बारावी विज्ञानाला तिला चांगले गुण मिळाले. तिला नर्सिंगला जायचे होते. ऑनलाइन अर्ज भरायला वीस मिनिटे लागली. त्याआधीचे काम दोन महिन्यांहून जास्त चालले. वडील शाळेत गेलेले नव्हते. आजोबांची नोंद कुठेच नव्हती. अखेरीस जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, आजोबांच्या थोरल्या भावाच्या जन्माची नोंद सापडली आणि तिच्यात जमात लिहिलेली होती. गठ्ठ्यांवर वर्षे घातलेली होती म्हणून ती मिळाली. नोंद मोडीत होती, म्हणून मोडी वाचणारा गाठावा लागला. मग नातेसंबंध दाखवणारी वंशावळ, तिचे प्रतिज्ञापत्र, नक्कल, सही. दाखला आणि वैधता हाती येईपर्यंत त्या वर्षीच्या प्रवेशफेऱ्या संपल्या होत्या. तिने वर्षभर वाडीवरच्या अंगणवाडीत मदत केली आणि पुढच्या वर्षी प्रवेश घेतला. तिचे वर्ष गेले, पण तिने शिक्षण सोडले नाही. तिच्याच वर्गातल्या दोघींनी सोडले.

संकेतस्थळ त्या सगळ्या काळात सुरळीत चालू होते, हे इथे लक्षात ठेवावे.

न विचारता केलेली योजना

आणखी एक प्रसंग या पाठाला उपयोगी आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारने आदिवासी वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांच्या जेवणाची खानावळ बंद करून भोजनाचे पैसे थेट त्यांच्या खात्यात भरण्याचा निर्णय घेतला. खात्यात थेट पैसे ही कल्पना वाईट नाही. पण पैसे उशिरा आले तर त्या दिवशी जेवायचे काय, गावाकडून अडचण आली तर मुलगा ते पैसे घरी पाठवून स्वतः उपाशी राहील का, हे प्रश्न विद्यार्थ्यांच्या पोटाचे होते. त्या जुलैमध्ये त्यांनी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी मोर्चा काढला. तो आपल्या संगमनेरच्याच रस्त्याने गेला. ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांना आधी विचारायला हवे, एवढा धडा त्यातून घेतला तरी पुरे.

आराखड्यात काय मोजावे

हे सगळे पाहून, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ई-सेवांचा आराखडा करताना कोणत्या गोष्टी धराव्यात याचा मी विचार केला. सरकारी बैठकीत बोलण्याची संधी मिळते तेव्हा आम्ही याच मांडतो.

एक. मोजणीचे एकक वाडी असावे. भारतनेट योजनेत ऑप्टिकल फायबरची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे ठरले. पण आपल्याकडे एका ग्रामपंचायतीत अनेक वाड्या असतात आणि काही वाड्या डोंगर उतरून-चढून तासाभराच्या वाटेवर असतात. पंचायत जोडली गेली म्हणजे वाडी जोडली गेली असे होत नाही. याला कायद्याचाही आधार आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात वस्ती किंवा पाडा हेच गाव मानण्याची वाट खुली केली, आणि अकोले तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे.

दोन. कागदांचे पंचांग असावे. जूनमध्ये शाळेचे दाखले, त्यापुढे प्रवेश आणि शिष्यवृत्ती, पावसाळ्यात पीक पाहणी, दिवाळीनंतर बरीच माणसे मजुरीला बाहेर. शिबिर मार्चमध्ये ठेवले तर वाडीवर म्हातारी आणि मुलेच भेटतात. नववी-दहावीतल्या मुलांचे जमातीचे दाखले त्याच वर्षी काढून ठेवले, तर बारावीनंतर धावाधाव होत नाही.

तीन. नेटवर्क नसताना चालेल अशी रीत असावी. पीक पाहणीच्या ॲपमध्ये एकाच फोनवरून अनेक खातेदारांच्या नोंदी करता येतात. ज्याच्याकडे फोन नाही त्याचा विचार त्यात झाला आहे, हे चांगले उदाहरण आहे. प्रत्येक सेवेत अशी एक वाट ठेवावी, आणि तीही बंद पडली तर कागदावरचा अर्ज घेण्याची मुभा असावी.

चार. चूक दुरुस्त करण्याची सोय जवळ असावी. नवा दाखला काढण्यापेक्षा नावातला काना दुरुस्त करायला जास्त फेऱ्या पडतात. आधार दुरुस्ती, रेशनकार्डातील नावे, सातबाऱ्यावरची वारस नोंद या तिन्हींची माणसे एकाच दिवशी एकाच वाडीवर आली, तर एका कुटुंबाचे चार दिवसांचे खाडे वाचतात. मजुराला एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल.

पाच. माणूस मोजावा. सेवा केंद्राचा चालक किंवा ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक हा या सगळ्या व्यवस्थेचा खरा चेहरा आहे. त्याला वेळेवर मानधन, प्रशिक्षण आणि वाडीवर जाण्याचा खर्च मिळतो का, हे आराखड्यात असले पाहिजे. त्याच्या जोडीला वाडीतलीच एखादी शिकलेली मुलगी मदतनीस म्हणून असावी. तिला लोकांची बोली येते, आणि म्हाताऱ्यांना तिच्याजवळ कागद द्यायला भीती वाटत नाही.

सहा. पैशाची वाट माहीत असावी. २०१५ पासून पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि त्यातून काय करायचे हे ग्रामसभेने ठरवायचे असते. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडाही ग्रामसभेतच मंजूर होतो. निधीच्या नियमांत बसेल त्याप्रमाणे सौर दिवा, बॅटरी, मदतनीस अशा गोष्टी तिथे मांडता येतात. त्यासाठी बायांनी ग्रामसभेला जाऊन बोलले पाहिजे. अलीकडे काही वाड्यांवर त्या बोलू लागल्या आहेत.

मंडळीने काय करावे

आता आपल्याकडे वळू. हे सरकारचे काम आहे, मंडळीचे त्यात काय, असे कोणी म्हणेल. आपला इतिहास वेगळे सांगतो. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला सुरू झाले. १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' निघू लागले. छपाई हे त्या काळचे नवे माहिती तंत्रज्ञान होते. पण मिशनने नियतकालिकाबरोबर शाळाही चालवल्या. सिंथिया फरार बाईंनी इथे मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. वाचणारे तयार झाले नसते तर छापलेला कागद कोणाच्या कामाचा होता? आज संकेतस्थळे सरकार काढते आहे. ती वापरता येणारी माणसे तयार करणे आणि तोवर हात देणे, हे आपल्याला जमणारे काम आहे.

पहिले काम म्हणजे आपली जुनी दप्तरे सांभाळा. मिशनच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरे काही ठिकाणी मंदिराच्या माडीवर किंवा बंगल्याच्या कपाटात पडलेली आहेत. १९५० पूर्वीची एक नोंद एखाद्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या शिक्षणाचे दार उघडू शकते. वाळवी लागण्याआधी ती रजिस्टरे नीट बांधा, त्यांची यादी करा, फोटो काढून ठेवा, आणि मागायला येणाऱ्याला मुख्याध्यापकांमार्फत रीतसर उतारा द्या. उतारा देताना त्याचा धर्म विचारू नका. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही, हेही आपल्या लोकांना सांगा. याबाबत पुष्कळांच्या मनात भीती असते.

दुसरे, चौघे द्या. आपल्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसे, तहसीलमध्ये नोकरी केलेले बंधू, संगणक शिकलेली तरुण मुले आहेत. प्रत्येक मंडळीने चौघांचा गट केला आणि वर्षातून चार शनिवार दिले तरी मोठे काम होईल. एकाने नावे जुळवून पाहावीत, एकाने अर्ज भरावा, एकाने रांगेत सोबत राहावे, एकाने पावती आणि तारीख वहीत लिहून पाठपुरावा करावा. यातला चौथा सर्वांत महत्त्वाचा, कारण मुदत उलटली की अपील त्यालाच करायचे असते.

तिसरे, काही पथ्ये पाळा. कोणाच्या आधारची झेरॉक्स आपल्याकडे ठेवू नका. कोणाचा पासवर्ड किंवा ओटीपी आपल्या वहीत लिहू नका. केंद्रातल्या फलकावर लिहिलेल्या शुल्कापेक्षा जास्त कोणी मागितले तर पावती मागा. ज्याचे काम आहे त्याला स्क्रीनवर काय लिहिले ते वाचून दाखवा आणि मगच अंगठा घ्या. मदत करताना चर्चला येण्याची अपेक्षा ठेवू नका, तसे सुचवूही नका. प्रभूने तळ्याकाठच्या माणसाला बरे करण्याआधी कोणतीही अट घातली नव्हती.

चौथे, दरवेळी दाखवून शिकवा. मार्कातल्या गोष्टीचा शेवट आठवा. ज्याला चौघांनी उचलून आणले तो स्वतःची बाज स्वतः उचलून घरी गेला. आमच्या एका वाडीवर तीन मुली आता पीक पाहणी स्वतः करतात आणि शेजारच्या वाडीलाही करून देतात. त्या वाडीवर मला आता महिन्यातून एकदाच जावे लागते. आपल्या कामाचा हिशोब किती अर्ज भरले यावर न ठेवता, किती जणांना आता आपली गरज उरली नाही यावर ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

तेव्हा पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे: सेवा ऑनलाइन झाली म्हणूनच आमचे कार्यकर्ते फिरतात. अर्जाची खिडकी फोनमध्ये आली आहे, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट अजून मोडी नोंदींतून, सोललेल्या बोटांतून आणि डोंगरातून जाते. आपली देणगी त्या वाटेवर खर्च होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. बेथेस्दाच्या तळ्याकाठी सोय असूनही एक मनुष्य अडतीस वर्षे वंचित राहिला. आपल्या गावात किंवा शहरात अशा कोणत्या सेवा आहेत, ज्या आहेत पण कोणापर्यंत तरी पोचत नाहीत?

२. आपल्या घरातल्या वयस्कर माणसाचे आधार, पासबुक आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून पाहा. नावे जुळतात का? जुळत नसतील तर ती दुरुस्त करायला काय काय करावे लागेल?

३. आपल्या मंडळीकडे किंवा शाळेकडे १९५० पूर्वीची कोणती दप्तरे आहेत? ती कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या अवस्थेत आहेत?

४. आपल्या मंडळीतले 'चौघे' कोण होऊ शकतील? नावे लिहून पाळकसाहेबांकडे द्या.

प्रार्थनेचे विषय

वाडीवरच्या मुलामुलींचे दाखले प्रवेशाच्या मुदतीआधी हाती यावेत यासाठी. सेवा केंद्रांतल्या आणि तहसीलमधल्या कर्मचाऱ्यांसाठी, त्यांना धीर आणि प्रामाणिकपणा मिळावा म्हणून. रेशनच्या रांगेतून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. आणि योजना आखणाऱ्यांसाठी, की कागदावर रेघ ओढण्याआधी त्यांनी एकदा वाडीची वाट चालून पाहावी.

प्रभू आपल्या सर्वांना एकमेकांची ओझी वाहण्याचे बळ देवो. आमेन.